तेवीस किलो चारशे ग्रॅम: गांजाच्या कायद्यात नेमकं काय बदलायला हवं?

बांधावरचा

गेल्या महिन्यात निकाल लागला, म्हणून आता लिहितोय. आधी लिहिलं असतं तर साक्षीदार असून तोंड चालवतो असं झालं असतं.

मी कृषी सहायक. मराठवाड्यातला एक तालुका, नाव नको. नोव्हेंबर २०१९ मधली गोष्ट. परतीच्या पावसानं सोयाबीन उभ्या जागी कुजलेलं, शेंगांतून कोंब बाहेर आलेले, आणि मी दिवसभर पीकनुकसानीचे पंचनामे करत फिरत होतो. दुपारी साहेबांचा फोन आला. पोलीस ठाण्याचं पत्र आहे, शासकीय पंच पाहिजेत, तुम्ही आणि पंचायत समितीतले एक जण जा. आमच्यात अशा वेळी नाही म्हणायची सोय नसते. गेलो. एका पंचनाम्याची वही बगलेत आणि दुसऱ्या पंचनाम्याला निघालोय, याची तेव्हा गंमत वाटली होती.

शेत ओळखीचं. दोन एकर, तूर आणि कापूस. मालक साठीच्या पुढचा, गावात सगळे आबा म्हणतात, मीही तेच म्हणतो. तुरीच्या ओळींत मधेमधे अकरा झाडं, पुरुषभर उंचीची. तूरही त्या वेळी तेवढीच वाढलेली असते, त्यामुळं रस्त्यावरून काही कळत नाही. जवळ गेलं की वास येतो. मला आधी कधी दिसली नव्हती. (यावर जास्त बोलत नाही.)

झाडं उपटली. मुळांसकट. काळं रान, चार दिवसांपूर्वीचा पाऊस, प्रत्येक मुळाला दोन-दोन मुठी चिखल. शिपायानं बांधावर आपटून थोडा झाडला, पण आमची माती अशा वेळी सोडत नाही, लोण्यासारखी धरून बसते. कापसाच्या व्यापाऱ्याकडून हुकाचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता, तो लिंबाच्या फांदीला टांगला. झाडांचे तीन भारे बांधले. आकडे अजून पाठ आहेत: आठ किलो शंभर, सात नऊशे, सात चारशे. एकूण २३ किलो ४०० ग्रॅम. फौजदार म्हणाले, "वीसच्या वर आहे." मुलगा पास झाल्यावर बाप बोलतो तशा आवाजात. वीसमध्ये काय आहे ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग दोन नमुने घेतले. हे मी डोळ्यांनी पाहिलंय: नमुना घेताना शेंड्यांची फुलं खुडली. चिकट, दाट, वासाची. दोन पाकिटं, लाखेचं सील, लेबलवर माझी सही. प्रयोगशाळेचा अहवाल आला, गांजा आहे. बरोबरच आहे. पण नमुना शेंड्याचा आणि शिक्का बसला तेवीस किलोवर, त्यात मुळं, खोड, पानं आणि आबांच्या शेतातली माती.

आबा दोन वर्षं चार महिने आत होते. मधे कोरोना आला, तारखा पडल्या नाहीत. मार्च २०२२ मध्ये हायकोर्टातून जामीन झाला. माझी साक्ष त्यानंतर दोन वर्षांनी. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी मला दोन-तीनच सरळ प्रश्न विचारले. तुम्ही बी.एस्सी. ॲग्री ना? मग शेंडे, पानं, खोड वेगळी करून वजन केलं होतं का? मी म्हणालो, नाही. मुळाची माती काढली होती का? म्हणालो, झटकली होती. न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं आणि टायपिस्टला सांगितलं, "झटकली होती, असं लिहा."

घरी आल्यावर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा वाचून काढला. गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं त्यात धरत नाहीत. हे कायद्यातच लिहिलंय, कलम २ मध्ये. एक किलोपर्यंत "अल्प प्रमाण", शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष किंवा दंड. वीस किलोच्या वर "व्यावसायिक", शिक्षा कमीत कमी दहा वर्षं. आता माझा हिशोब. ओल्या झाडात शेंड्यांचं वजन पाचवा हिस्सा धरा, चार-साडेचार किलो. वाळवून चौथा हिस्सा राहतो. म्हणजे किलो, फार तर सव्वा किलो. एक वर्ष आणि दहा वर्षं यांच्यामध्ये पाऊस, चिखल आणि हुकाचा काटा.

आबा साधुपुरुष आहेत असं मी म्हणत नाही. चिलीम ओढतात, जन्मभर ओढली. अकरा झाडं एकट्याच्या चिलमीसाठी लागत नाहीत, हे मलाही कळतं. चार पैसे मिळत असणार. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं प्रशासनाकडं गांजा लावायची लेखी परवानगी मागितली होती, कशालाच भाव मिळत नाही म्हणून. पेपरात आलं तेव्हा आमच्या ऑफिसात सगळे हसले. मला हसू आलं नाही.

निकाल असा: व्यावसायिक प्रमाण सिद्ध नाही. लागवड सिद्ध. भोगली तेवढी शिक्षा आणि दंड. जमिनीचा अर्धा एकर वकिलाच्या फीमध्ये गेला.

प्रश्न हा. गांजा सरळ कायदेशीर करा म्हणणारे लोक भेटतात, ते बहुतेक शहरातले असतात आणि कॅनडाचं उदाहरण देतात. पूर्ण बंदीच ठेवा म्हणणारे तर सगळीकडंच. मला दोन्हींत आबा दिसत नाहीत. जो पितो, जो दोन झाडं लावतो आणि जो ट्रक भरून पाठवतो, या तिघांना एकाच कायद्यात कोंबलंय. तुमच्यापैकी ज्यांचा याच्याशी खरा संबंध आलाय त्यांनी सांगा, सुधारायचं तर सुरुवात कुठून?

---

भोळा_सांब

एवढा त्रास कशाला? आबांना सांगायचं भांग प्या. भांग तर कायदेशीरच आहे, शंकराचा प्रसाद. 🙂

---

काळा_कोट

भोळे सांब, थांबा. महाराष्ट्रात असलात तर अजिबात कायदेशीर नाही. भांग होते गांजाच्या झाडाच्या पानाची, आणि केंद्राच्या एनडीपीएस कायद्यात नुसतं पान येत नाही हे खरं, म्हणूनच काही राज्यांत भांगेची सरकारी परवान्याची दुकानं आहेत. पण पान राज्यांच्या हातात सोडलंय, आणि आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो. परवान्याशिवाय बाळगली तर गुन्हाच. होळीला ग्लास हातात घेऊन फोटो टाकणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आता बांधावरचे साहेब. तुमचा हिशोब पटला, पण एक दुरुस्ती. लागवडीचा गुन्हा वजनावर नाही. कलम २० मध्ये झाड लावणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, एक झाड असो वा शंभर, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. "पर्यंत" हा शब्द महत्त्वाचा, कमीत कमी असं काही नाही, म्हणून न्यायाधीशांना भोगली तेवढी शिक्षा देता आली. पोलीस काय करतात, उपटलेली झाडं "ताब्यात मिळाली" असं दाखवून बाळगण्याचं कलम सोबत लावतात. ते लागलं की वजन आलं. वजन वीसच्या वर गेलं की कलम ३७ आलं. आणि खरी शिक्षा कलम ३७ मध्ये आहे, निकालात नाही.

एरवी जामिनाच्या वेळी कोर्ट बघतं की माणूस पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का. कलम ३७ मध्ये कोर्टाला असं वाटावं लागतं की हा माणूस दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि जामिनावर सुटल्यावर तो पुन्हा गुन्हाही करणार नाही. खटला उभा राहायच्या आधी! वर कलम ३५ आणि ५४ आहेत, माल सापडला की मनात गुन्हा होता असं गृहीत, नव्हता हे आरोपीनं सिद्ध करायचं. त्यामुळं सत्र न्यायालय जामीन नाकारतं, हायकोर्टात जाईपर्यंत वर्ष जातं, आणि गरिबाचं वर्ष म्हणजे काय ते तुम्ही लिहिलंच आहे. शेंडे वेगळे न करता सगळं झाड तोलल्याच्या कारणावरून हायकोर्टांनी बऱ्याच जणांना जामीन दिलाय, तुमच्या आबांना एकट्यालाच नाही. म्हणजे चूक काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. तरी पुढचा पंचनामा परत तसाच होतो.

नमुन्याचंही तेच. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्येच स्पष्ट केलं की नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घ्यायचे, कलम ५२अ प्रमाणं. तुमच्याकडं २०१९ मध्ये बांधावर घेतले.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: "कायदेशीर करा की करू नका" हा वाद पुढच्या पिढीवर सोडा. आधी कलम २७ मधून साधं सेवन काढा. आज गांजा नुसता ओढला, जवळ काही सापडलं नाही, तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. मग अल्प प्रमाण जामीनपात्र आहे की नाही ते कायद्यातच एका ओळीत लिहून टाका. आमच्या हायकोर्टानं २०१० मध्ये जामीनपात्र म्हटलं, २०२० मध्ये तिथल्याच दुसऱ्या न्यायाधीशांनी सगळेच गुन्हे अजामीनपात्र म्हटले. मी अशिलाला काय सांगू?

आणि एक मित्र म्हणून. "आधी कधी दिसली नव्हती" हे वाक्य लिहिलंत तेवढं पुरे. कलम ४७ वाचा. गावातल्या बेकायदा लागवडीची माहिती असेल तर ती लगेच कळवणं सरकारी नोकरावर बंधनकारक आहे.

---

जुना_खाकी

बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो, त्यातली सहा वर्षं याच कामात. सगळे पोलिसांवर घसरायच्या आत दोन गोष्टी बोलतो.

झाड मुळांसकट का तोलतात? कारण फौजदाराला भीती असते की शेंडे खुडून तोलले तर उद्या कोर्टात म्हणतील, मुद्देमालाशी छेडछाड केली. जसं सापडलं तसं तोला, असं आम्हाला शिकवलं जायचं. हे बरोबर आहे असं म्हणत नाही. पण प्रत्येक वेळी कुणाला अडकवायचं म्हणून होतं असंही नाही. आणि होय, वीसच्या वर गेलं की बरं वाटतं. क्राइम मीटिंगमध्ये वरचे साहेब व्यावसायिक किती केल्या हेच विचारतात. अल्प प्रमाणाच्या पन्नास केसेस केल्या तर "पिणारे धरता का" म्हणून बोलणी बसतात, आणि महिनाअखेर आकडा कमी पडला की तोच साहेब म्हणतो पिणारे धरा.

दुसरी गोष्ट वकीलसाहेबांसाठी. तुम्ही सेवन काढा म्हणालात, पुढची मागणी "अल्प प्रमाणच गुन्ह्यातून काढा" अशी येते. ऐकायला छान आहे. अल्प म्हणजे गांजा एक किलोपर्यंत, २००१ च्या अधिसूचनेपासून. एका सिगारेटीत अर्धा ग्रॅम भरतो. म्हणजे किलोत दोन हजार. दोन हजार सिगारेटी स्वतःसाठी बाळगणारा मी तरी पाहिला नाही. उलट कॉलेजच्या मागं विकणारे बरोबर आठशे-नऊशे ग्रॅमच जवळ ठेवतात. त्यांना कायदा तुमच्यापेक्षा पाठ आहे. हे उघडं केलं तर पिणारा सुटेल, मान्य, पण पहिला सुटेल तो विकणारा.

माल येतो आंध्र-ओडिशाच्या सीमेवरून, डोंगरातून. मी ट्रक धरलेत. कांद्याच्या पोत्यांखाली, नारळाखाली, एकदा चक्क शेणखताखाली. दर वेळी सापडला तो ड्रायव्हर आणि क्लीनर. फोनवर ज्यानं गाडी भरायला सांगितलं त्याचं नाव सहा वर्षांत एकदाही माझ्या दोषारोपपत्रात आलं नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही.

---

रात्रपाळी

मी मनोविकार वॉर्डात सिस्टर आहे, सतरा वर्षं झाली. बांधावरचे दादा, आबांबद्दल वाईट वाटलं. पण "गांजाच तर आहे" हा सूर मला सहन होत नाही. तुम्ही तो लावलेला नाही, पुढं कुणीतरी लावेल म्हणून आत्ताच लिहिते.

एक मुलगा सांगते. एकोणीस वर्षांचा, दहावीच्या सुट्टीपासून ओढायचा. आला तेव्हा कानात बोळे घातले होते, शेजारची भिंत त्याच्याबद्दल बोलते म्हणून. जेवणाचं ताट आधी आईला चाखायला लावायचा. गांजा पिणाऱ्या प्रत्येकाचं असं होत नाही, हे मला माहीत आहे. दहातल्या एखाद्याला तो सुटत नाही असा साधारण अंदाज आहे, कोवळ्या वयात सुरुवात केली तर प्रमाण आणखी वाढतं. ज्यांच्या घरात वेडाचा आजार आहे त्यांना धोका जास्त, आणि माल जितका तिखट तितका जास्त. पण ज्याच्या मेंदूची वाढ अजून चालू आहे त्याच्या हातात हे पडू नये यावर वाद नको.

आता दुसरी बाजू. त्याच्या आईनं मला पहिला प्रश्न औषधाचा विचारला नाही. खुर्चीच्या कडेवर बसून, पदर मुठीत धरून म्हणाली, "सिस्टर, केस पेपरवर गांजा लिहिणार का? पोलिसांत जातं का ते?" आठ महिने घरात दडवून ठेवला होता. देवऋषी झाला, अंगारा झाला. हे आठ महिने आम्हाला परत मिळत नाहीत. अशा आजारात उपचार जितका लवकर तितका माणूस जास्त हाती लागतो. मी तिला सांगितलं की या कायद्यात कलम ६४अ आहे, व्यसनी माणूस आपणहून उपचाराला आला तर त्याच्यावर खटला चालवत नाहीत. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी तिला फसवतेय. खरं सांगू का, वॉर्डातल्या निम्म्या डॉक्टरांनाही ते कलम माहीत नव्हतं.

केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेली पाहणी २०१९ मध्ये आली. भांग घेणारे सुमारे सव्वादोन कोटी, गांजा-चरस घेणारे सुमारे सव्वा कोटी. दारू पिणारे सोळा कोटी. माझ्या वॉर्डातल्या खाटा मोजल्या तरी हाच क्रम दिसतो. दारूचं दुकान मात्र दवाखान्याच्या फाटकासमोर आहे.

त्यामुळं माझं मत असं आहे की जेल नको आणि दुकानही नको. थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, नियम नंतर करू म्हणाले. गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची करावी लागली. आपल्याकडं नियम नंतर करू म्हटलं की ते कधी होतात ते दवाखान्यात काम करणाऱ्यांना विचारा.

---

पिवळी_पानं

इतिहासाची एक पुरवणी, कारण हा वाद आपल्याकडं एकशे तीस वर्षं जुना आहे. ब्रिटिश पार्लमेंटात गांजामुळं हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरतात अशी ओरड झाली म्हणून १८९३ मध्ये आयोग नेमला. त्यानं हजारावर साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. इस्पितळांच्या नोंदी उघडून पाहिल्या तर वेडाचं कारण म्हणून गांजा लिहिणारा बऱ्याचदा रोग्याला पकडून आणणारा पोलीसच निघाला. काही विचारायचं म्हणून विचारलं, काही लिहायचं म्हणून लिहिलं. आयोगाचा निष्कर्ष: बेताच्या सेवनानं बहुतेकांचं नुकसान होत नाही, अतिसेवनानं होतं, सरसकट बंदी नको, कर आणि परवाने ठेवा.

नंतर १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार. त्यात पान बाहेर राहिलं, आणि रूढ वापर थांबवायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली तेव्हा १९८५ चा हा कायदा आला. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत घातक यादीतून काढायचं मतदान झालं. २७ विरुद्ध २५. भारतानं काढायच्या बाजूनं मत दिलं. तिकडं तसं, आणि इकडं लिंबाच्या फांदीला काटा.

सिस्टर, तुमच्या वॉर्डातल्या मुलाची गोष्ट आयोगाच्या विरोधात जात नाही. पण त्या काळचा गांजा आणि आजचा, यात फरक असेल हे मान्य.

---

बांधावरचा

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमचं दोनदा वाचलं. ताट आईला चाखायला लावायचा, हे डोक्यातून जात नाही.

जुना खाकी साहेबांचा किलोचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. मी फक्त वरची रेघ पाहिली, वीसची, कारण ती आबांच्या अंगावर आली. खालची रेघही चुकलीय हे आता लक्षात येतं. पिणाऱ्यासाठी एक किलो फारच सैल, आणि झाड लावणाऱ्यासाठी वीस किलो चिखलावर अवलंबून. जर्मनीनं एप्रिल २०२४ मध्ये बाहेर जवळ ठेवायला पंचवीस ग्रॅम आणि घरी तीन झाडं अशी रेघ मारली. पोर्तुगालनं २००१ पासून दहा दिवसांच्या वापराएवढा माल जवळ सापडला तर माणसाला कोर्टाऐवजी एका समितीपुढं उभं करायचं ठरवलं, त्यात न्यायाधीश नसतो, गरज असेल तर उपचाराला पाठवतात. माल जप्त होतोच. सिस्टर म्हणतात तसं, जेल नाही आणि दुकानही नाही, याच्या जवळ जाणारं मला तरी हेच दिसतं. आपल्याकडं ती समिती कोण चालवणार हा प्रश्न आहे. आमच्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा येतो, तोही आला तर.

पण माझं मत आता एवढं पक्कं झालंय. पंचवीस-पन्नास ग्रॅमपर्यंतचा माणूस गुन्हेगार नाही, त्याला फौजदारी कोर्टाचं दार दाखवायचं नाही. त्यापुढं वाळलेल्या शेंड्यांचं वजन, दुसरं कशाचं नाही. व्यापारी आणि ट्रकवाले यांना कलम ३७ लावा, माझी तक्रार नाही. अकरा झाडांच्या आबांना मधली काहीतरी शिक्षा असावी, दंड असावा, झाडं जाळा. दोन वर्षं चार महिने नको. खुल्या बाजाराबद्दल माझं मन अजून होत नाही. लागवड खुली झाली की बियाणं कंपनीचं, भाव व्यापाऱ्याचा आणि कर्ज शेतकऱ्याचं, हे मी कापसात पाहिलंय.

वकीलसाहेब, कलम ४७ वाचलं. गप्प बसतो.

---

काळा_कोट

गप्प बसलात ते बरं. "वाळलेल्या शेंड्यांचं वजन" ही सूचना मात्र कागदावर उतरवण्यासारखी आहे. पण लक्षात घ्या, ओला माल जप्त झाला तर वाळवणार कोण? मुद्देमालाच्या खोलीत उंदीर असतात. वजन कमी भरलं की उंदरांनी खाल्लं असं ठाण्यांनी खरोखर कोर्टात सांगितलेलं आहे.

---

जुना_खाकी

उंदरांवर हसू नका वकीलसाहेब. काही वेळा खरंच खातात.

वाळवायची गरजच नाही. शेतावर दंडाधिकारी किंवा राजपत्रित अधिकारी बोलवा, शेंडे कात्रीनं वेगळे करा, दोन वजनं लिहा: अख्ख्या झाडाचं आणि शेंड्यांचं. फोटो काढा. आता तर जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे. बाकीचं कोर्ट बघेल. याला कायदा बदलायलाही लागत नाही, अर्धा तास जास्त लागतो.

---

बांधावरचा

अर्ध्या तासावरून सांगतो. परवा त्याच ठाण्यातून फोन आला, फौजदार नवे आहेत. उसाच्या फडात झाडं सापडलीत, पंच म्हणून येता का. मी म्हणालो, येतो. सोबत छाटणीची कात्री आणतो, शेंडे वेगळे तोलायचे आणि दोन्ही वजनं पंचनाम्यात घ्यायची. तिकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग "साहेबांना विचारून कळवतो" म्हणाले.

अजून कळवलेलं नाही. झाडं आणायला कुणीतरी गेलं असणार.